पिंप बांधणाऱ्याचं आडनाव

रसग्रहण करायचं ते कवितेचं, हा समज शाळेने लावून दिलेला. पण मजकूर एकाच शब्दाचा असला, तरी त्याला घडण असते, नाद असतो, काळ असतो आणि न बोललेलं बरंच काही असतं. आडनाव हा असा मजकूर आहे. तो कुणा एकाने लिहिलेला नसतो आणि रोज वापरात असल्याने तो कुणी वाचतही नाही. फॉर्मवर भरतो, पाटीवर रंगवतो, हजेरीत पुकारतो आणि पुढे जातो.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात अशा न वाचलेल्या जर्मन आडनावांना तोटा नाही. चाकणला मर्सिडीजच्या जोडीने बेन्झ हे आडनाव आहे. ते बेर्टोल्ट, बेर्नहार्ट अशा भारदस्त नावांचं घरगुती रूप. पिंपरीच्या पूर्वीच्या थिसेनक्रुपमध्ये थिसेन आणि क्रुप ही दोन आडनावं एकमेकांना चिकटली होती. पंप बनवणाऱ्या केएसबीच्या तीन अक्षरांत क्लाइन, शान्झलिन आणि बेकर असे तीन गृहस्थ बसले आहेत. पैकी क्लाइन म्हणजे लहान, आपल्याकडचे लहाने. आणि बेकर म्हणजे पाव भाजणारा. तळेगाव दाभाडे इथल्या आंबी-नवलाख उंबरे परिसरात एमआयडीसीचं औद्योगिक आणि फुलशेतीचं क्षेत्र आहे. तिथे बेअरिंगच्या एका कारखान्यावर ‘शेफलर’ हे आडनाव आहे. मला वाचायचं आहे ते हे.

आधी घडण पाहू. या आडनावाच्या पोटात ‘शाफ’ हा जुना दक्षिण जर्मन शब्द आहे. शाफ म्हणजे उघड्या तोंडाचं लाकडी भांडं. त्याचं धाकटं रूप करताना शेवटी ‘ल’ येतो आणि मधला ‘आ’ पिळला जाऊन ‘ए’कडे झुकतो, शाफचं ‘शेफल’ होतं. त्याला ‘अर’ लागला की ते करणारा माणूस तयार होतो : शेफलर, लाकडी भांडी आणि पिंपं बांधणारा. हा शेवटचा ‘अर’ फार कामाचा. एखाद्या वस्तूला तो जोडला की वस्तूमागचा माणूस पुढे येतो. आपल्या कुंभारात, लोहारात, सोनारात जो ‘आर’ आहे, तो संस्कृतातल्या ‘कार’चा झिजलेला अंश. त्या ‘आर’चं आणि या ‘अर’चं नातं नाही, पण दोघांनी केलेलं काम एकच. घट, लोखंड, सोनं, पिंप या निर्जीव वस्तूंच्या पाठीशी त्यांनी एकेक घाम गाळणारा माणूस उभा केला.

नादातही एक खाचखळगा आहे. जर्मनमध्ये शाफ हा शब्द दोन प्रकारे लिहितात. एक ‘फ’ आणि लांब स्वर असेल तर ती मेंढी. दोन ‘फ’ आणि आखूड स्वर असेल तर ते लाकडी भांडं. मेंढीपासून ‘शेफर’ हे आडनाव झालं, म्हणजे मेंढपाळ. भांड्यापासून ‘शेफलर’. एका अक्षराच्या फरकाने माणूस कुरणातून काढून कारागिराच्या पडवीत आणून बसवला आहे. गमतीचा भाग पुढे येईल : या दोन आडनावांची गाठ कारखानदारीत पडायची होती.

आता या शब्दाचा भूगोल. पिंप बांधणारे जर्मन मुलखात सगळीकडेच होते, कारण बियर, वाइन, खारवलेला मासा, मीठ, लोणी हे सारं पिंपातून जाई. पण त्या कारागिराला एक नाव नव्हतं. म्युनिकच्या बाजूला तो शेफलर, थोडं उत्तरेला फ्रँकोनियात ब्युटनर, नैर्ऋत्येच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात क्यूफर, उत्तरेत आणि पूर्वेत ब्योट्शर, ऑस्ट्रियात बिंडर. ‘फासबिंडर’ हे आडनाव चित्रपट पाहणाऱ्यांना राइनर वेर्नर फासबिंडर या दिग्दर्शकामुळे माहीत असतं. त्याचाही अर्थ पिंप बांधणाराच. अवजारं तीच, लाकूड तेच, आडनावं अर्धा डझन. शेफलर हे आडनाव ऐकलं की कुणा पूर्वजाचं काम तर कळतंच, शिवाय त्याला हाक मारणारे शेजारी कुठली बोली बोलत होते तेही कळतं. हाक शेजाऱ्यांनी मारली, ही गोष्ट लक्षात ठेवावी. गावात तीन योहान असतील, तर पिंपवाला योहान कोणता हे सांगायची गरज योहानला नव्हती, इतरांना होती. त्याचं आडनाव इतरांनी आपल्या सोयीसाठी ठेवलं.

ही सोय वारशाने चालू लागली ती हळूहळू. दक्षिण आणि पश्चिम जर्मनीतल्या शहरांत बाराव्या शतकापासून आडनावं स्थिर होऊ लागली. मालमत्ता, कर, वारसा यांच्या नोंदी वाढल्या, तसं नुसत्या नावाने भागेना. पिंपवाल्याचा मुलगा शिंपी झाला तरी लोक त्याला शेफलर म्हणत राहिले, आणि त्या क्षणी कामाचं नाव कामापासून सुटलं. उत्तरेच्या फ्रिजियन किनाऱ्यावर तर बापाच्या नावावरून नाव लावण्याची रीत इतकी टिकली, की 1811 मध्ये नेपोलियनच्या राजवटीला कायमचं आडनाव घेण्याचा हुकूम काढावा लागला. आज जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारी पाच आडनावं म्हणजे म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर आणि वेबर : पीठ दळणारा, लोहार, शिंपी, कोळी, विणकर. एका मध्ययुगीन गावाची सगळी आळी या पाच नावांत उभी आहे.

अक्षरं मात्र बराच काळ सैल होती. कुठे शेफलर मधल्या ‘ए’ने लिहीत, कुठे दोन टिंबांच्या ‘आ’ने, तर कुठे टिंबं टाळून ‘आ’ आणि ‘ए’ ही दोन अक्षरं शेजारी ठेवून. 1 जानेवारी 1876 पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि त्या दिवशी कारकुनाने जे लिहिलं ते सहसा कायमचं झालं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेला काना-मात्रा जसा पिढ्यान्‌पिढ्या पुसता येत नाही, तसाच हा प्रकार. तळेगावच्या पाटीवरचं आडनाव दोन अक्षरं शेजारी ठेवणाऱ्या शाखेचं आहे. साध्या ‘ए’ने लिहिणारी शाखा पूर्वेला सायलेशियात दिसते. 1624 मध्ये ब्रेस्लाउला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला जन्मलेले योहानेस शेफलर हे कवी त्यातलेच. 1653 मध्ये कॅथलिक पंथात जाताना त्यांनी आंगेलुस हे नाव घेतलं आणि जग त्यांना आंगेलुस सिलेसिउस म्हणून ओळखू लागलं. ईश्वराशी एकरूप होऊ पाहणाऱ्या माणसाला पिंपवाल्याची ओळख मागे टाकावीशी वाटली असेल, तर नवल नाही. त्याच वळणाचं आडनाव आज अमेरिकन गोल्फपटू स्कॉटी शेफलर लावतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्णपदक त्याच्याकडे आहे.

काम गेलं, आडनाव राहिलं, एवढ्यावर हे थांबत नाही. म्युनिकमध्ये त्या कामाचा नाचही राहिला. दर सात वर्षांनी तिथे शेफलरांचा नाच होतो. लाल जाकीट, हिरवी टोपी, हातात हिरव्या पानांनी मढवलेल्या कमानी घेऊन नर्तक गोल धरतात. एक जण लाकडी कड्यावर भरलेला पेला ठेवून ते कडं गरगरा फिरवतो आणि थेंब सांडू देत नाही. आख्यायिका अशी की 1517 च्या प्लेगनंतर लोक दारं लावून घरात बसले होते, तेव्हा पिंपवाले आधी रस्त्यावर उतरले आणि नाचू लागले. ते पाहून शहराने दारं उघडली. कागदोपत्री नाचाचा उल्लेख 1702 पासून सापडतो. आख्यायिका आणि कागद यांच्यात जवळपास दोनशे वर्षांची दरी आहे, पण म्युनिकने आख्यायिकेची बाजू घेतली. नगरभवनाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळातल्या बाहुल्या रोज हाच नाच करतात. जवळच शेफलरांच्या नावाचा रस्ताही आहे, पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे तसा. आळीचं नाव कारागिराच्या पाऊलखुणा जपतं, नाच त्याची मिजास जपतो.

नाचातलं कडं हा या आडनावाचा गाभा आहे. पिंपाच्या फळ्या तशा सरळ. त्या काठाशी निमुळत्या तासायच्या, वाफेने आणि आगीने नरम करून वाकवायच्या, गोलात उभ्या करायच्या आणि बाहेरून कडं ठोकून बसवायचं. डिंक नाही, खिळा नाही. सरळ तुकड्यांनी गोल धरायचा आणि कड्याने तो गोल सोडायचा नाही, एवढीच विद्या. आपल्याकडे ही विद्या घरची नव्हती. आपण धान्य कणगीत, पाणी रांजणात आणि पखालीत ठेवलं. पिंप ही वस्तूही पोर्तुगिजांबरोबर आली आणि तिचा शब्दही.

आता विसाव्या शतकात येऊ. गेओर्ग शेफलर यांचा जन्म 1917 मध्ये लोरेनमधल्या मारिएनथालचा. बव्हेरियन बोलीचं आडनाव केव्हाच घरापासून लांब गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, ते आणि त्यांचे थोरले भाऊ विल्हेल्म यांनी हेर्त्सोगेनआउराख या फ्रँकोनियातल्या लहान गावात कारखाना सुरू केला. अ‍ॅडिडास आणि प्युमा काढणारे डासलर बंधू याच गावचे. शेफलर बंधूंनी सुरुवातीला काय बनवलं? लाकडी हातगाड्या आणि लाकडी बटणं. उद्ध्वस्त देशात खपेल ते. पुढे 1949 मध्ये गेओर्ग यांनी सुयांच्या बेअरिंगसाठी पिंजरा बनवला. आधी या बेअरिंगमध्ये बारीक पोलादी दांडे नुसते दाटीने भरत; ते एकमेकांना घासत, तिरके होत, तापत. पिंजऱ्याने प्रत्येक सुईला स्वतःची खाच दिली आणि आसाशी समांतर धरून ठेवलं. घर्षण घटलं, वेग वाढला, आणि मोटारीच्या गिअरबॉक्सला कमी जागेत मावणारं बेअरिंग मिळालं.

इथे वाचणारा थबकतो. सरळ तुकडे गोलात मांडायचे आणि कड्यांनी धरून ठेवायचे : हे तर पिंप झालं! फरक इतकाच की पिंपात फळ्यांनी एकमेकींना घट्ट भिडायचं असतं आणि बेअरिंगमध्ये सुयांनी एकमेकींना शिवायचं नसतं. आडनावाला आपला विसरलेला धंदा आठवला, असं म्हणावंसं वाटतं. पण रसग्रहणाने रसाच्या भरात पुरावा सोडू नये. हा योगायोग आहे. रक्तातून कौशल्य उतरत नाही. उतरतं असं मानलं, तर काय होतं, हे त्याच देशाच्या त्याच शतकात लिहिलेलं आहे.

ऑगस्ट 1938 मध्ये नाझी सरकारने फर्मान काढलं, की ज्या ज्यूंचं नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांपैकी नसेल, त्या पुरुषांनी आपल्या नावापुढे इस्राएल आणि बायकांनी सारा हे नाव जोडायचं. 1 जानेवारी 1939 पासून ते लागू झालं. नाव ऐकताच माणूस कोणत्या वंशाचा हे कळावं आणि त्यानुसार त्याला वेगळं काढता यावं, हा हेतू. शेफलर घराण्याची वाटही या काळातून गेली आहे. 1940 मध्ये विल्हेल्म यांनी सायलेशियातल्या काचर गावचा, पूर्वी ज्यू मालकाचा असलेला गालिचे आणि मखमली कापडाचा कारखाना घेतला होता. पाटीवरचं आडनाव वाचायचं तर हे पानही उलटून पुढे जाता येत नाही.

युद्धानंतरच्या वाढीत या आडनावाला आणखी आडनावं येऊन मिळाली. श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशर यांनी 1883 मध्ये पोलादी गोळ्या अचूक गोल घासणारं यंत्र बनवलं, आणि बॉल बेअरिंगचा धंदा उभा राहिला. 1909 मध्ये तो कारखाना गेओर्ग शेफर यांनी घेतला. एफएजी हे त्या घराचं नाव. ते 2001 मध्ये शेफलरांकडे आलं. फिशर म्हणजे कोळी, शेफर म्हणजे मेंढपाळ आणि शेफलर म्हणजे पिंपवाला. एक ‘फ’ आणि दोन ‘फ’ असे एका छपराखाली आले. भारतात एफएजीचा कारखाना बडोद्याचा. त्या कंपनीचं नाव 2017 मध्ये शेफलर इंडिया झालं आणि 2018 मध्ये तळेगावचा कारखानाही तिच्यात विलीन झाला.

2001 चा हा सौदा गेओर्ग यांनी केलेला नव्हता. ते 1996 मध्ये वारले. धुरा घेतली ती त्यांच्या पत्नी मारिया-एलिझाबेथ यांनी, मुलगा गेओर्ग याच्या जोडीने. प्रागमध्ये जन्मलेल्या, 1963 मध्ये लग्न होऊन या घरात आलेल्या बाई. एफएजी घेण्याचा डाव त्यांच्या काळातला, आणि 2008 मध्ये आपल्याहून कितीतरी मोठ्या कॉन्टिनेंटल कंपनीवर घातलेला हातही. त्यातून मंदीत घर गळ्यापर्यंत कर्जात बुडालं, तेही त्यांच्याच काळात. शेफलर हे आडनाव जगभर पोहोचलं त्यात जन्माने शेफलर नसलेल्या बाईचा वाटा मोठा आहे.

हे वाचताना तळेगावकराला दुसरं नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांनी 1717 मध्ये सेनापती केलं. 1729 मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना पडले. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना मिळालं, पण कारभार पाहिला तो खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंनी. माहेरच्या त्या अभोण्याच्या ठोके. त्यांनी चालवलेल्या गुजरातच्या मोहिमेमुळे आजही दाभाडे म्हटलं की लोक आधी उमाबाईंचं नाव घेतात. 1753 मध्ये त्यांचं निधन झालं. समाधी तळेगावातच बनेश्वर मंदिरापाशी आहे. दाभाड्यांचं आडनाव ठोक्यांच्या मुलीने राखलं.

आणि गावाने ते उचललं. महाराष्ट्रात सहसा गाव माणसाला आडनाव देतं. गावापुढे ‘कर’ लावला की झालं. तळेगावची गोष्ट उलटी आहे. तळेगावं पुष्कळ, पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे आहे. तेव्हा कोणतं तळेगाव, हे सांगायला गावालाच आडनाव लावावं लागलं. तीन योहानांपैकी पिंपवाला कोणता, या प्रश्नासारखाच हा प्रश्न. हेर्त्सोगेनआउराखच्या बाजूलाही असंच घडलेलं आहे. आउराख नदीच्या काठी एक फ्राउएनआउराख, म्हणजे बायकांचं. तिथे जोगिणींचा मठ होता. एक म्युन्खआउराख, म्हणजे मठातल्या साधूंचं. आणि हेर्त्सोगेनआउराख, म्हणजे सरदारांच्याही वरच्या ड्यूकांचं. शेफलरांचं गाव आणि दाभाड्यांचं गाव, दोघांनाही ओळख पटवायला धनी लागला. किर्लोस्करांनी तर पूर्ण फेराच मारला : किर्लोसी गावावरून किर्लोस्कर झाले आणि 1910 मध्ये किर्लोस्करांवरून किर्लोस्करवाडी झाली.

इथवर वाचल्यावर या मजकुराचा लेखक कोण, याचं उत्तर देता येतं. आडनाव वंशाचं मानलं जातं, पण ते घडवतात आणि टिकवतात ते बहुतेक परकेच. शेजाऱ्याने हाक मारली, कारकुनाने अक्षरं बांधली, सुनेने ते चालवलं, गावाने ते पाटीवर लावलं. जर्मन कामाच्या आडनावांचं भाग्य असं, की ती कामापासून सुटताना तिथल्या माणसाच्या दर्जापासूनही सुटली. श्मिट आडनावाच्या डॉक्टरला लोहाराची पोरं कधी शिकली, असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे लोहार, सुतार, कुंभार ही आडनावं कामापासून सुटली, पण जातीपासून सुटली नाहीत. भाड्याचं घर बघताना ‘आडनाव काय?’ हा प्रश्न पत्त्यासाठी विचारलेला नसतो. 1938 च्या त्या फर्मानाशी या सवयीची बरोबरी करण्याचं कारण नाही. पण आडनाव ऐकून माणूस ताडायचा, ही वाचनाची रीत मात्र त्याच जातीची आहे आणि ती चुकीची आहे. एका शब्दाचं इतकं वाचन केल्यावर एवढं तरी कळतं की त्यात कोण्या माणसाचं काहीच सापडत नाही. सापडतात ती त्याला हाक मारणारी माणसं.

या पट्ट्यात आडनावाने आणखी एक वळण घेतलं आहे. मावळातला मुलगा आयटीआय करून कामाला लागला की घरचे सांगतात, ‘बजाजला लागला’, ‘शेफलरला आहे’. एका पिंपवाल्याचं काम आडनाव झालं, आडनाव कंपनी झाली आणि कंपनी पुन्हा ‘काय करतोस?’ या प्रश्नाचं उत्तर झाली. बेअरिंगच्या लाइनवर उभा असलेला शेलार, गायकवाड, काकडे किंवा शेख आज त्या आडनावाच्या मूळ अर्थाच्या जितका जवळ आहे, तितका त्या आडनावाचा बहुधा दुसरा कुणी नसेल. कारण तो हाताने काम करतो. आडनावाची खरी वंशावळ ती.